चार मिनिटं बारा सेकंद

सुलक्षणा गेली शुक्रवारी पहाटे. झुलालला ते कळलं शनिवारी दुपारी. नशिराबादला आपल्या घराचं कुलूप तो काढत होता, किल्ली भोकात बसत नव्हती. शेजारची बेबाबाई ओट्यावर गहू पाखडत होती, तिनं सूप खाली ठेवलं. "काहो भाऊ, तुम्ही इथं काय करू राह्यले? सोनगीरले नाही गेले?" झुलाल म्हणाला, "कशाला जाऊ? आपल्या पायानं माहेरी गेली, आपल्या पायानं येईल." बेबाबाईनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "भाऊ, वहिनीले काल अग्नी दिला. रूपाचा फोन आला होता माझ्याकडे. पप्पा कुठं आहेत म्हणून रडत होती." झुलालला आधी राग आला. एवढी मोठी गोष्ट आणि आपल्याला कोणी कळवलं नाही. मेव्हण्याला चार शिव्या घालाव्यात म्हणून त्यानं खिशातून फोन काढला. फोनवर मुलीचे, रूपाचे, न उचललेले एकोणीस फोन होते. त्यांच्या खाली मेव्हण्याचं नाव होतं, नवल. शुक्रवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. तो फोन उचललेला होता. पुढे लिहिलं होतं, चार मिनिटं बारा सेकंद.

बेबाबाई काहीतरी बोलत होती, पाणी घ्या म्हणत होती. झुलाल फोनकडे बघत उभा राहिला. शुक्रवारी सकाळी आपण कुठं होतो ते त्याला आठवत होतं. डाळ मिलच्या मागच्या बाजूला, भुशाच्या गोण्यांवर. तोंडात तुरीच्या टरफलाची धूळ होती. वर एक दिवा जळत होता आणि तो विझवायला आपण उठलो नाही, हेही आठवत होतं. फोन आठवत नव्हता. मिलमध्ये अठ्ठावीस वर्षं चाळणीवर काढलेला माणूस, त्याला चार मिनिटं किती असतात ते कोणी सांगायला नको. चार मिनिटांत दोन गोण्या डाळ चाळणीवरून उतरते. चार मिनिटं म्हणजे हॅलो म्हणून फोन हातातून पडला, असं नाही. बहिणीला समोर निजवलेलं असताना कोणी मुक्या माणसाशी चार मिनिटं बोलत नाही. म्हणजे आपण बोललो. नवलनं सांगितलं, आपण ऐकलं आणि आपण काहीतरी बोललो. बायको मेल्याचं एकदा आपल्याला कळून गेलं होतं, आणि ते आपण हरवून बसलो. झुलाल तिथंच ओट्यावर खाली बसला. बेबाबाईला वाटलं, बायकोसाठी. ते बायकोसाठी नव्हतं. ती भीती होती, आणि तेव्हापासून ती गेलेली नाही.

कळल्यावर मी लगेच निघालो, असं तो लोकांना सांगत आला. तो लगेच निघाला नाही. आधी प्यायला. सोनगीरला पोचला तो रविवारी, तेव्हा राख सावडून झाली होती. मुलगा नव्हता म्हणून अग्नी भावानंच दिला होता. पुढचे दहा दिवस नवलच्या दारापुढे सतरंजी पडलेली होती. सकाळ-संध्याकाळ माणसं दुखवट्याला दारवर येत, सतरंजीवर बसत, कोणी फार बोलत नसे, पाणी पिऊन उठत. गावोगावची आली, पार दोंडाईच्याची आली. ज्याची बायको गेली तो माणूस मात्र सतरंजीवर नव्हता. तो गोठ्यात पडलेला होता. "दाजींना बरं नाही," असं नवल सगळ्यांना सांगत होता, आणि लोक गोठ्याकडे न बघता मान हलवत होते. सुतक फिटायच्या, गंधमुक्तीच्या दिवशी सासरच्या लोकांनी त्याच्या डोक्यावर टोपी घातली ती सरळ बसली नाही. निघताना नवल त्याला हायवेपर्यंत सोडायला आला. किल्ल्याच्या बाजूनं वारा येत होता. बस लांब दिसायला लागल्यावर नवल म्हणाला, "दाजी, तुम्ही फोनवर जे बोलले ना, ते मी कोणाला सांगितलं नाही. रूपाला पण नाही. सांगणार पण नाही." झुलालनं तेव्हा विचारायला हवं होतं. बस आली आणि तो चढला.

पुढचे तीन महिने तो प्यायला, कारण प्यायल्यावर ती चार मिनिटं असतच नव्हती. आणि उतरली की चार मिनिटं पुन्हा तिथंच असत. काय बोललो असेन? "बरं झालं" म्हणालो असेन का? तिच्यावर राग होताच. बुधवारी तिनं पिशवी भरली तेव्हा आपण म्हणालो होतो, जा, परत येऊ नको. तेच पुन्हा म्हणालो असेन का? की हसलो असेन? मिलमध्ये मालकांची, तात्याशेठची, म्हैस मेली तेव्हा आपण प्यालेले होतो आणि आपल्याला हसू आवरलं नव्हतं. किंवा नुसतंच शहाण्यासारखं बोललो असेन, हो, निघतो, थांबा माझ्यासाठी, आणि ते थांबले असतील. ऊन चढेपर्यंत तिला ठेवलं असेल. हे त्याला सगळ्यात वाईट वाटायचं. माणसाचे हातपाय लटपटतात ते दिसतं तरी. त्याला आता आपल्या तोंडाची भीती वाटायला लागली होती. आपल्या माघारी ते काहीही बोलू शकतं.

त्यातच रूपाला मुलगी झाली. रूपा धुळ्याला देवपुरात दिलेली. आई नसल्यामुळे बाळंतपणाला माहेरी येण्याचा प्रश्नच नव्हता. झुलालनं फोन केला, पोरगी बघायला येतो म्हणाला.  रूपा अगदी आईच्या आवाजात म्हणाली, "पप्पा, धुळ्यात एक जागा आहे. दारू सोडलेली माणसं जमतात. तुमच्या मिलमधल्या समाधानकाकांना विचारा, ते तिथूनच सुटले. तिथं जाऊन एकदा बसा. बसलात की मला फोन करा. मग या." झुलाल म्हणाला, "आणि नाही बसलो तर?" "तर मी तिला सांगीन, तुझे आजोबा आजीच्या आधी गेले."

समाधान तागडीवर काम करायचा. चार वर्षांपूर्वी तो मिलच्या फाटकाबाहेर नालीत सापडायचा, आता डबा खाऊन झाल्यावर बडीशेप वाटत फिरायचा. त्यानं झुलालला बाजूला घेतलं. "पाटीबिटी काही नाही बरं. शाळेच्या मागची गल्ली धर. सतरंजी टाकलेली असते, बाप्ये बसलेले असतात. गपचूप जाऊन बस. नाव-गाव कोणी विचारणार नाही. बोलावं वाटलं तर बोल, नाही तर ऐक." झुलाल म्हणाला, "जळगावात पण आहे म्हणतात." "आहे ना. पण तिथं तुझ्या ओळखीचं एखादं तोंड दिसलं तर तू चपला न घालता पळशील. मी ओळखत नाही का तुला? धुळ्याला जा. अडीच तास बशीत बसल्यावर परत फिरायची माणसाला लाज वाटते. आणि हे बघ, रिकामा जा. पिऊन गेला तरी हाकलणार नाहीत, पण तू रिकामा जा." समाधाननं त्याच्या मुठीत बडीशेप ठेवली आणि मूठ दोन्ही हातांनी मिटवून दिली.

न पिता आज अकरावा दिवस होता. पहिले तीन दिवस त्यानं अंथरुणात काढले, बेबाबाईनं दारातून पेज दिली. चौथ्या दिवशी भिंतीवर मुंग्या दिसल्या, त्या नव्हत्या. आता तो धुळ्याच्या बशीत बसला होता. एरंडोल गेलं, पारोळं गेलं. बशीच्या खिडकीतून कापसाची शेतं दिसत होती आणि झुलाल मनातल्या मनात आपलं नाव म्हणून बघत होता. समाधान म्हणाला होता, बोलायचंच झालं तर आधी नाव सांगायचं. नाव सांगणं त्याला जुनं होतं. पिऊन आला की सुलक्षणा दार उघडत नसे. आतून विचारायची, "कोण?" तो म्हणायचा, "मी." "मी कोण?" मग त्याला नाव सांगावं लागे. झुलाल. आधी झु, मग लांब ला, मग ल. जीभ जड असली की शेवटचा ल तोंडातच राहायचा. ती नुसत्या नावावरून ओळखायची, किती झाली. ल नीट ऐकू आला तर कडी निघे. नाही तर ती म्हणायची, "त्या माणसाला मी नाही ओळखत," आणि तो ओट्यावर निजायचा. सकाळी उठायचा तेव्हा अंगावर गोधडी असायची. त्या गोधडीबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. आता बशीत तो ओठ हलवत होता आणि शेवटच्या ल कडे तिच्या कानांनी लक्ष देत होता. शेजारची म्हातारी जरा सरकून बसली.

धुळ्याच्या स्टँडवर उतरला तेव्हा सव्वापाच झाले होते. मीटिंग सहाला. स्टँडच्या बाहेर, रस्ता ओलांडला की देशीचं दुकान. त्याला ते माहीत होतं. सोनगीरला जाताना प्रत्येक वेळी तो तिथं उतरलेला होता, सुलक्षणा पिशव्या घेऊन स्टँडवर बसलेली असायची. त्याला पाय उचलायचे होते ते डावीकडे, आणि ते उजवीकडे वळत होते. तोंडाला पाणी सुटलं. त्यानं बडीशेप तोंडात टाकली आणि भराभर चालायला लागला. जणू कोणी मागे लागलं होतं. वाटेत तीनदा त्याला पत्ता विचारायचा होता आणि तीनदा त्यानं भलतंच विचारलं. दारू सोडणारे कुठं बसतात, हे रस्त्यावर कोणाला विचारायचं कसं? एकाला वेळ विचारली, एकाला दवाखाना. पानटपरीवाल्याला शाळा विचारली. तो म्हणाला, "कोणती शाळा, काका? मुलांची का मुलींची?" झुलालला ते समाधाननं सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "मुलांची."

शाळेच्या मागे गल्ली होती. गल्लीत वळला आणि त्याला सतरंजी दिसली. निळ्या पट्ट्यांची, एका घरापुढे अंथरलेली, तिच्यावर दहा-बारा पुरुष, बहुतेक टोप्या घातलेले, गुडघ्यांना हातांची मिठी घालून बसलेले. कोणी बोलत नव्हतं. बाजूला चपलांचा ढीग. झुलाल थांबला.  परत फिरावं, रूपाला सांगावं, जागा सापडली नाही. तेवढ्यात कडेच्या माणसानं त्याला पाहिलं, सरकून जागा केली आणि म्हणाला, "या." एवढंच. झुलालनं चपला काढल्या आणि बसला. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यानं दोन घोट घेतले. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. समाधान म्हणाला होता तसंच. समोर भिंतीला टेकून एक म्हातारा बसलेला होता, खांद्यावर कोरा टॉवेल. त्याचे डोळे लाल होते. झुलालला वाटलं, हा आपल्यापेक्षा जुना पिणारा असणार.

बराच वेळ गेला. एक जण उठून गेला, दोघं आले. तेही तसेच बसले. झुलालची भीती हळूहळू वेगळी झाली. ती आधी पळ म्हणत होती, आता बोल म्हणायला लागली. आत्ता नाही बोललो तर कधी नाही. आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. "माझं नाव झुलाल." ल नीट आला. दोघा-तिघांनी मान वळवली. "अकरा दिवस झाले, मी घेतलेली नाही. त्याच्या आधी तीस वर्षं घेत होतो. माझी बायको गेली. सुलक्षणा. ती गेली तेव्हा मला फोन आला आणि मी तो उचलला. चार मिनिटं बोललो. मला एक शब्द आठवत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं सांगितलं तेव्हा कळलं. दहा दिवस तिच्या नावानं सतरंजी पडलेली होती आणि मी गोठ्यात पडलेलो होतो. माणसं तिच्यासाठी येऊन बसली. मी एकदा पण बसलो नाही." त्याला आणखी बोलायचं होतं. पण समोरच्या माणसाच्या खांद्यावरून त्याला उघडं दार दिसलं. दारात एक पणती होती. पणतीच्या मागे खुर्चीवर एका बाईचा फोटो होता, हार घातलेला. आतून बायकांच्या नाक ओढण्याचा आवाज येत होता.

ही दुखवट्याची सतरंजी होती, हे झुलालला कळलं. म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा मरणाच्या दारात आपलं तोंड सुटलं, आणि या वेळी तर प्यालेलंही नव्हतं. तो हातावर जोर देऊन उठायला लागला. "माफ करा," एवढं म्हणायचा प्रयत्न केला. पायाला चप्पल सापडेना. तेव्हा भिंतीला टेकलेला म्हातारा बोलला. "बठ." आवाज बसलेला होता. "ऊठू नको. बठ." बाजूचा माणूस हळूच म्हणाला, "कौतिकनाना. त्यांचीच बायको गेली, ताईबाई. आज पाचवा दिवस." झुलाल बसला. त्याला मान वर करता येत नव्हती. कौतिकनाना म्हणाला, "पाच दिन व्हयनात, बठ्ठा लोक येतस, मन्हा तोंडकडे दखतस, मुकाट बठतस आनि जातस. तू बोलना तरी." आणि मग, "पन माले एक सांग. तू काय बोलना त्या चार मिनिटमा?"

आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. बेबाबाईनं नाही, रूपाला माहीतच नव्हतं, समाधानला त्यानं सांगितलं नव्हतं. झुलाल म्हणाला, "मला माहीत नाही, नाना." "कोनले माहीत शे?" "मेव्हण्याला." "जित्ता शे का तो?" "हो. सोनगीरला असतो." कौतिकनानानं टॉवेलनं तोंड पुसलं. "मंग इचार त्याले," तो म्हणाला. "मन्ही म्हतारी काय बोलनी शेवटले, ते माले इचारता येवाव नही. दवाखानामा नळी व्हती तिन्हा तोंडमा. तुले इचारता येस."  तिथं बसल्या बसल्या झुलालला रडू यायला लागलं. आवाज न करता, नाकातोंडातून. कोणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, कोणी उगी म्हणालं नाही. दारवर आलेला माणूस रडतो, त्यात विशेष काही नसतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो सुलक्षणासाठी सतरंजीवर बसला होता, आणि सतरंजी दुसऱ्याची होती.

चांगली दहा मिनिटं गेल्यावर चपलांजवळ बसलेला एक चाळिशीचा माणूस उठला आणि झुलालला डोळ्यांनी चल म्हणाला. कौतिकनानाचा पुतण्या, निंबा. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत तो मान खाली घालून चालला, घर नजरेआड झालं तसा त्यानं तोंडावर हात ठेवला आणि हसू दाबताना त्याचे खांदे हलायला लागले. "भाऊ, लोक दारू सोडाले जातस आनि चुकीसन गुत्तामा जातस. तुम्हीन दारवर येवानं पहिलंच." झुलाल चालत राहिला. निंबा म्हणाला, "तुम्हीन मुलास्नी शाळा धरी. ती मुलीस्नी शाळाना मांगे शे. मी बी तठलाच शे. सात वरीस व्हयनात. आज काकूमुळे जायेल नही. चला, चालू व्हई गयं व्हई." मग चालता चालता गंभीर होऊन म्हणाला, "नानानी पाच दिनमा हाई इतलं बोलनं पहिलंच शे बरं."

जागा म्हणजे मुलींच्या शाळेमागच्या व्यायामशाळेची एक खोली होती. बाहेर चपला, आत सतरंजी, तीही निळ्या पट्ट्यांचीच. नऊ माणसं होती. टोप्या कमी, शर्ट जास्त. एक कॉलेजात शिकवणारा वाटत होता, एकाच्या हाताला ग्रीस होतं. निंबानं त्याला दाराजवळ बसवलं आणि परत गेला. इथली भीती निराळी होती. तिथं माणसं त्याच्यासाठी जमलेली नव्हती, इथं ती त्याच्यासारखीच होती. एक जण पिऊन आपला मुलगा हातातून कसा पाडला ते सांगत होता, साध्या आवाजात, आणि झुलालला वाटत होतं, आता हा थांबेल आणि सगळे माझ्याकडे बघतील. तसंच झालं. झुलाल म्हणाला, "माझं नाव झुलाल. अकरा दिवस." ल आला. पुढे त्यानं बायको गेल्याचं सांगितलं, गोठ्याचं सांगितलं. फोनचं सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं, चार हा आकडा जिभेवर आला होता, आणि त्याला नवलचा हायवेवरचा चेहरा दिसला. तो थांबला. "आज एवढंच," तो म्हणाला. सगळ्यांनी मान हलवली. कोणीतरी चहा दिला. चहात साखर फार होती. त्यानं तो पूर्ण प्यायला.

साडेसातला बाहेर येऊन त्यानं रूपाला फोन लावला. पाठीमागे बाळ रडत होतं. "बसलो," तो म्हणाला. "कुठं?" रूपानं विचारलं. त्यानं खोलीचं सांगितलं, चहाचं सांगितलं, सतरंजीचं सांगितलं. पहिल्या सतरंजीचं नाही सांगितलं. रूपा ऐकत होती, शब्द नाही, आवाज ऐकत होती. ते त्याला ओळखता येत होतं, कारण तिची आई तसंच ऐकायची. मग ती म्हणाली, "तुमचं नाव सांगा, पप्पा."  त्यानं सांगितलं. थोडा वेळ नुसतं बाळाचं रडणं आलं. "आज तिथंच शाळेजवळ थांबा, हे तुम्हाला न्यायला येतील," रूपा म्हणाली. "उद्या मामा पण येणार आहे सोनगीरहून. बाळाला बघायला." झुलाल हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नवल आला. त्यानं बाळाच्या मुठीत चांदीचं वाळं ठेवलं, झुलालला नमस्कार केला, शेजारी बसून जेवला. उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी होती. दोघांनी कापसाबद्दल बोलून घेतलं. निघताना नवल चपला घालायला दारात वाकला आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिला. झुलाल दोन हातांच्या अंतरावर उभा होता. जावयानं गाडी सुरू केली, नवल मागे बसला आणि गेला.

घेतली नाही त्याला आज चाळीस दिवस झाले. झुलाल दर आठवड्याला धुळ्याला जातो, मुलींच्या शाळेच्या मागे. फोनमधली ती नोंद त्यानं पुसलेली नाही. नवलला त्यानं अजून विचारलेलं नाही.